सकाळच्या स्टेटसमधला देश

१५ ऑगस्टला आमच्या गावच्या ग्रुपवर पहिला मेसेज पहाटे पाचच्या आत पडतो. गोठ्यात धारा काढायला उठलेल्या कुणाचा तरी असतो तो. मग साडेसहापर्यंत तिरंग्यांची रांग लागते. कुणाच्या तिरंग्यामागं लाल किल्ला, कुणाच्या तिरंग्यावर कबुतरं, कुणाच्या खालच्या कोपऱ्यात स्वतःचा पासपोर्ट फोटो आणि ‘शुभेच्छुक’ असं ठसठशीत लिहिलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडा वर जायच्या आधी फोनमध्ये तो शे-दीडशे वेळा फडकून झालेला असतो.

गेल्या वर्षी झेंडावंदन उरकल्यावर पोरं लिमलेटच्या गोळ्या चघळत आवारात पांगली होती. भावकीतल्या एक वहिनी मुलीच्या वेणीची सुटलेली रिबन बांधत उभ्या होत्या. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं त्यांना सहज विचारलं, “काकी, तुमच्या स्टेटसला आज झेंडा नाही दिसला?” वहिनी “राहिलं बघ” म्हणाल्या, पदर सारखा केला आणि मुलीला घेऊन निघाल्या. बाजूच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं.

वहिनींचे मालक, म्हणजे आमचा दादा, फौजेत आहे. फोटो, युनिट, सुट्टीची तारीख, कशाचाही पत्ता फोनवरून बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं त्यानं घरात बजावून ठेवलंय. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितली, तेव्हापासून वहिनींनी स्टेटस ठेवणंच सोडलं. पोराच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. दहा वर्षांपूर्वी असा प्रश्न कुणी विचारूच शकलं नसतं, कारण कुणाच्या मनात झेंडा आहे आणि कुणाच्या नाही, हे बघायची सोयच नव्हती. ही सोय झाल्यामुळं आपल्या रोजच्या जगण्यातल्या देशाचं काय झालं, ते इथं उलगडून सांगायचा प्रयत्न करतो.

देश म्हटलं की डोळ्यांपुढं सीमा येते, परेड येते, युद्ध येतं. पण वर्षाचे बाकीचे दिवस आपण भारतीय असतो ते कशाच्या जोरावर? मायकेल बिलिग या ब्रिटिश अभ्यासकानं १९९५ मध्ये याचं उत्तर शोधताना एक साधी गोष्ट दाखवून दिली. जो झेंडा आपण सलाम करून फडकवतो त्यापेक्षा सरकारी इमारतीवर नुसता लटकत असलेला, कुणाचं लक्षही न जाणारा झेंडा जास्त काम करतो. देश रोज आपल्याला आठवण करून देत असतो, पण आठवण करून दिली हे कळू देत नाही. आपल्याकडं बघा. दहा रुपयांच्या नोटेवर १७ भाषांत रक्कम लिहिलेली असते. भाजीवाल्या मावशींकडून सुटे घेताना ती आपण वाचत नाही, पण ती हातात असते. पेपरात ‘देश-विदेश’ असं पान असतं. हवामानाच्या बातमीतल्या नकाशावर ढग काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दिसतात आणि पलीकडं सगळं कोरं. आणि मॅच संपल्यावर पारावर बसलेला माणूस म्हणतो, “आपण जिंकलो.” त्यानं बॅट हातात धरलेली नसते.

हा ‘आपण’ शब्द जरा जवळून बघण्यासारखा आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की समोर ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. “आम्ही जेवलो” आणि “आपण जेवू” यातला फरक लहान पोरालाही शिकवावा लागत नाही. राष्ट्रीय ओळखीची सगळी गुंतागुंत मला या दोन शब्दांत मावते असं वाटतं: ‘आपण’मध्ये कोण कोण येतं, आणि कुणाला पाहून आपण ‘आम्ही’ म्हणायला लागतो.

हा ‘आपण’ तयार कसा होतो? बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये मांडलेली गोष्ट पुष्कळांना पटली. एका देशातली बहुतेक माणसं एकमेकांना कधीच भेटत नाहीत, तरी ती एकमेकांची आहेत असं त्यांना वाटतं. असं वाटायला छापील पेपरानं मोठा हातभार लावला. सकाळी चहाबरोबर मी जे पान वाचतोय तेच पान हजारो घरांत वाचलं जातंय, ही जाणीव माणसांना जोडते. सांगलीत वाचलेलं आणि साताऱ्यात वाचलेलं पान एकच.

आमच्या भागाला मात्र देश पेपरातून कळला त्याआधी माणसांकडून कळला. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगली जिल्हा धरून, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. त्यातलं रेल्वे लुटणं, खजिना लुटणं सगळ्यांना माहीत असतं. पण गावागावांतल्या बायाबापड्यांपर्यंत देश पोचला तो दुसऱ्या वाटेनं. लोकन्यायालयात भांडणं मिटवली गेली, सावकार आणि गुंडांना आवर घातला गेला, हुंडा आणि मानपान टाळून कमी खर्चात ‘गांधी लग्नं’ लावली गेली. स्वातंत्र्य यायच्या आधीच ‘आपलं सरकार’ हे शब्द इथल्या लोकांच्या तोंडात होते, कारण त्यांनी ते सरकार काम करताना पाहिलं होतं. नाना पाटलांची भाषणं गावच्या बोलीत असत. देश इथं झाडाखालच्या सभेत बोलला जायचा आणि त्याला ऐकणारी माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखायची.

दुसरी वाट पोटाची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीचा दुष्काळ ज्यांना माहीत आहे त्यांना गलाई सांगायला नको. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करायचा हा धंदा घेऊन इथली माणसं देशभर गेली. असं क्वचितच एखादं मोठं शहर असेल, जिथल्या सराफ कट्ट्यावर आमच्याकडचा गलाईवाला भेटत नाही. माझे एक चुलते, तात्या, केरळात त्रिशूरला आहेत. गिऱ्हाइकाशी मल्याळम, बायकोशी मराठी, उत्तरेकडच्या व्यापाऱ्याशी हिंदी. मोहनलालचा पिक्चर लागला की ते आजही पहिल्या आठवड्यात बघतात आणि जत्रेला आले की तमाशाच्या फडापुढं पहिल्या रांगेत असतात. मी एकदा विचारलं, “तात्या, तिकडं परकं नाही वाटत?” म्हणाले, “पहिली दोन वर्षं जेवण परकं वाटलं. माणसं नाही.” त्यांचा भारत त्यांनी कुठं वाचला नाही. तो त्यांच्या काउंटरवर रोज येऊन उभा राहिला.

आता यात फोन आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोन-तीन वर्षांत आमच्याकडच्या ज्वारीच्या रानातही व्हिडिओ सुरू झाले. तेव्हापासून झालेले बदल एकेक करून बघू.

पहिला बदल पेपराच्या उलटा आहे. पेपरानं सगळ्यांना एक पान दिलं होतं, फोन प्रत्येकाला वेगळं पान देतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब उघडल्यावर वर काय दिसावं हे कुणी संपादक ठरवत नाही. कशावर तुमचं बोट थांबलं, कुठला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात, कशाला कमेंट केली, काय पुढं पाठवलंत, याचा हिशेब यंत्र ठेवतं आणि त्यावरून पुढचं वाढतं. हेच अल्गोरिदम. मी घरात एक प्रयोग केला. रात्री जेवणं झाल्यावर वडिलांचा आणि पुतणीचा फोन शेजारी शेजारी ठेवून दहा-दहा मिनिटं वर सरकवत बसलो. वडिलांच्या फोनवर रणगाडे, क्षेपणास्त्रं, शेजारी देशाला ‘दणका’, आणि मधे मधे द्राक्षावरच्या औषधाची जाहिरात. पुतणीच्या फोनवर स्पर्धा परीक्षेचे प्रश्न, कोरियन गाणी, ईशान्य भारतातल्या एका मुलीचं स्वयंपाकघर. दोघंही भारतच बघत होते. वडिलांच्या भारताला सतत धोका होता. पुतणीच्या भारतात बांबूच्या कोंबांची भाजी कशी करतात ते होतं. एकाच ओसरीवर बसलेली दोन माणसं, आणि सकाळी चहाला बोलायला सामाईक पान नाही.

या यंत्राला देशप्रेम कळत नाही, द्वेषही कळत नाही. त्याला माणूस थांबला की नाही एवढंच कळतं. पण माणूस रागानं जास्त थांबतो, हे यंत्राच्या मालकांना माहीत असतं. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यातून कळलं की २०१७ पासून काही काळ त्या कंपनीच्या हिशेबात साध्या लाइकला एक गुण असेल तर रागाच्या इमोजीला पाच होते. प्रेमाच्या, हसण्याच्या इमोजीलाही तेवढेच होते, पण ज्यावर लोक चिडतात ते त्यामुळं आपोआप वर सरकलं. नंतर रागाच्या इमोजीचं वजन काढून टाकावं लागलं. मधल्या काळात काय काय वर सरकून आलं असेल आणि किती घरांत पोचलं असेल, याचा विचार केला की मला चैन पडत नाही. कारण देशाबद्दल राग यावा असं बोलायचं म्हटलं की सोपा रस्ता एकच असतो: ‘आपण’मधून कुणाला तरी बाहेर काढायचं.

दुसरा बदल स्टेटसचा, आणि माझ्या मते हाच मोठा. व्हॉट्सॲपवर २०१७ मध्ये आलेलं स्टेटस २४ तासांनी जातं. तुमचं स्टेटस कुणी कुणी पाहिलं याची यादी तुम्हाला दिसते. त्याची दुसरी बाजू अशी की कुणी ठेवलं आणि कुणी नाही, हेही सगळ्यांना दिसतं. एर्नेस्ट रेनाँ नावाचे फ्रेंच विचारवंत १८८२ मध्ये एका व्याख्यानात म्हणाले होते की राष्ट्र म्हणजे रोज घेतलं जाणारं सार्वमत. म्हणजे आपण एकत्र राहायचं आहे, असं आपण रोज मनातल्या मनात पुन्हा ठरवत असतो. या सार्वमताला मतपेटी नव्हती, शाई नव्हती. शेतकऱ्यानं पेरलं, मास्तरांनी शिकवलं, कंडक्टरनं घंटी मारली, आणि मत पडलं. ते गुप्त होतं.

फोननं ते हात वर करून घ्यायला सुरुवात केली. ग्रामसभेत हात वर करून ठराव होतो तेव्हा काय होतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. सगळे आधी इकडंतिकडं बघतात. कोण हात वर करतंय, कोण नाही, हे ठरावापेक्षा महत्त्वाचं होऊन बसतं. ज्यानं हात वर केला नाही त्याला कारण विचारलं जातं. वहिनींना शाळेच्या आवारात विचारलं गेलं ते असं. आणि ज्याच्या आडनावामुळं त्याच्याकडं आधीपासून जरा वेगळ्या नजरेनं बघितलं जातं, तो पहाटे साडेपाचलाच हात वर करून मोकळा होतो. आमच्या गावात बागवान, मुलाणी, तांबोळी यांची घरं आहेत. त्यांच्या पोरांचे तिरंगे ग्रुपवर सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठे असतात. त्यांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्यातल्या एकाचे वडील माझ्या वर्गात होते. ते म्हणाले, “आपल्या वेळेला झेंडावंदनाला उशीर झाला तर गुरुजी छडी मारायचे. तुलापण, मलापण. आता पोराला उशीर झाला तर कोण काय समजेल याची मला धास्ती.” हे ऐकून माझ्या घशात अडकलं ते अजून तसंच आहे.

रील्सचं थोडक्यात सांगतो. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केलं. त्यात एकाच आवाजावर, एकाच गाण्याच्या तुकड्यावर लाखो लोक आपापले व्हिडिओ बनवतात. अजिंक्यतारा, सज्जनगड, कृष्णाकाठ, प्रत्येकाचं चित्र वेगळं आणि मागचा आवाज एकच. प्रभातफेरीत सगळ्यांनी एका सुरात घोषणा द्यावी तसा तो प्रकार आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा इस्रोचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक बघत होते. ती संध्याकाळ मला जुन्या पेपरासारखी वाटली. सगळ्यांपुढं एकच पान, तेही त्याच क्षणी. असे क्षण फोनच देऊ शकतो, आणि ते मला मनापासून मोलाचे वाटतात.

तिसरा बदल फॉरवर्डचा. इथं अल्गोरिदम नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज पुढं जातो तो माणसाच्या हातानंच. त्यामुळं तो विश्वासाचा वाटतो, पाठवणारा दाजी असतो, मामा असतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. ते पंढरपूरला निघाले होते, रस्ता विचारत होते. ज्या मातीत पंढरपूरला निघालेल्या माणसाला पाण्याचा तांब्या आधी मिळतो आणि नाव नंतर विचारलं जातं, तिथं हे झालं. त्यांची भाषा वेगळी होती, वेश वेगळा होता, आणि त्या दिवसांत अफवांनी ‘बाहेरचा’ कसा दिसतो याचं चित्र लोकांच्या डोक्यात आधीच काढून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी, १० सप्टेंबर २०२३ ला, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल झाली. एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. पुसेसावळी आमच्यापासून लांब नाही. तिकडच्या पाहुण्यांना आम्ही साधे फोन करून विचारत होतो, सगळे घरात आहेत ना.

त्याच फोनचा दुसरा चेहरा २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर दर तासाला एकच आकडा यायचा. ‘आयर्विन ५३’, ‘आयर्विन ५५’. कुठल्या गल्लीत गरोदर बाई अडकली आहे, कुठं जनावरं सोडायची आहेत, होडी कुठून मिळेल, हे सगळं त्याच ग्रुपवर. त्रिशूरच्या तात्यांनी तिकडच्या गलाईवाल्यांची यादी करून पैसे गोळा केले. देणाऱ्यांत मल्याळी सराफही होते, ज्यांच्याकडं वर्षभर आधी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, महापूर येऊन गेला होता. एका सराफानं तात्यांना व्हॉइस मेसेज पाठवला होता. तो तात्यांनी मला ऐकवला आणि अर्थ सांगितला: “घर पुसताना आधी भिंतीचे कोपरे बघायला सांगा, साप तिथं बसतात.”

पण त्याच आठवड्यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडणही पेटलं. त्याचं पाणी कधी सोडायचं हा अभियंत्यांचा प्रश्न, त्यात दोन राज्यांची आकडेवारी, करार, वेळापत्रकं. फोनवर त्याचं ‘ते’ आणि ‘आम्ही’ झालं. कर्नाटकातला माणूसही त्याच नदीत बुडत होता, हे त्या मेसेजमध्ये कुठंच नव्हतं. कर्नाटकाला लागून असलेल्या जतच्या पूर्व भागात हा ‘ते’ आणि ‘आम्ही’चा ताण रोजचा आहे. तिथं पुष्कळ घरांत कन्नड बोलतात, मुलं कन्नड शाळेत जातात, सातबारा मराठीत असतो. पाणी मिळत नाही म्हणून २०१२ मध्ये तिथल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या ४० गावांचा विषय काढला आणि फोन तापले. ‘गद्दार’ हा शब्द मी तेव्हा ग्रुपवर चार वेळा वाचला. लिहिणाऱ्यांतला एकही जण जतच्या पूर्वेला कधी मुक्कामाला राहिलेला नव्हता. तिथल्या माणसांची मागणी पाण्याची होती. त्यांची भाषा त्यांना आजीकडून मिळाली होती. यात देश, राज्य, भाषा, पाणी अशा चार वेगळ्या गोष्टी आहेत. बसून बोललं तर त्या वेगळ्या करता येतात. चार ओळींच्या मेसेजमध्ये त्यांचा एक गोळा होतो.

एवढं सगळं पाहिल्यावर मी स्वतःसाठी एक सवय लावून घेतली आहे. देशाबद्दलचा मेसेज आला की त्यातलं सर्वनाम शोधायचं. ‘आपण’ आहे की ‘आम्ही’? ‘आपण’ असेल तर त्यात जतची कन्नड आजी, त्रिशूरचा सराफ, माझ्या वर्गमित्राचा पोरगा, पंढरपूरचा रस्ता विचारणारा साधू मावतात का बघायचं. मावत नसतील तर मेसेज माझ्या फोनवर थांबतो. मी शिकवतो त्या वर्गातल्या पोरांनाही हेच करायला दिलं. नववीतल्या एका मुलीनं वहीत दोन रकाने आखले, आठवडाभर घरच्या ग्रुपवरचे मेसेज मोजले आणि तिसरा रकाना स्वतःहून काढला. त्यावर लिहिलं होतं: ‘आधी आपण, शेवटी आम्ही’. सगळ्यांत जास्त खुणा त्या रकान्यात होत्या.

त्या १५ ऑगस्टच्या रात्री मी वहिनींकडं गेलो होतो, आईनं दिलेला वड्यांचा डबा पोचवायला. दादाचा फोन आला. त्याच्याकडं रेंज येते-जाते, म्हणून वहिनी स्पीकर लावून चुलीजवळच बसल्या. त्यानं स्टेटसचं काही विचारलं नाही, त्याला ते माहीतही नसावं. “पाऊस?” म्हणाला. मग, “शाळेत झेंड्याला कोण कोण आलं होतं?” वहिनी एकेक नाव घ्यायला लागल्या. सरपंच, गुरुजी, मुलाणी चाचा, कोतवालाची सून, पोस्टातले नवे साहेब, अंगणवाडीच्या बाई. मधेच आवाज तुटला. वहिनी थांबल्या, फोन जरा वर धरला, तिकडून “हां, पुढं” आलं, आणि त्यांनी अंगणवाडीच्या बाईंपासून पुन्हा सुरुवात केली.